ओहायो स्टेट २०२४: हॉवर्ड, जडकिन्स, स्मिथ. नव्या आक्रमणाला जोखायचं कसं?

शनिवारवाडा | १७ ऑगस्ट २०२४, स. ९:१२

परवा ओहायो स्टेटच्या अमेरिकन कॉलेज फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक रायन डे यांनी विल हॉवर्डचं नाव सुरुवातीचा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, चेंडू फेकणारा) म्हणून जाहीर केलं. ३१ तारखेला अ‍ॅक्रनशी पहिला सामना आहे, म्हणून धागा आत्ताच काढतोय.

गेलं कोण ते आधी बघा. रिसीव्हर (फेकी झेलणारा) मार्विन हॅरिसन ज्युनियर ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत, चौथ्या क्रमांकावर अ‍ॅरिझोनाला गेला. त्याचे ६७ झेल, १२११ यार्ड आणि १४ टचडाऊन (चेंडू गोल लाइनपार) गेले. काइल मकॉर्ड सिरॅक्यूजला, जुलियन फ्लेमिंग पेन स्टेटला, टाइट एंड केड स्टोव्हर व्यावसायिक लीगमध्ये. आलं कोण? कॅन्सस स्टेटहून हॉवर्ड, ओल मिसहून रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) क्विन्शॉन जडकिन्स, फ्लोरिडातून शाळा संपवून रिसीव्हर जेरेमाया स्मिथ. शिवाय प्ले बोलवायचं, म्हणजे पुढची खेळी ठरवायचं काम आता प्रशिक्षक चिप केलींकडे.

मला तीन गोष्टींवर मतं हवीत.

१) हॉवर्डने गेल्या हंगामात १० इंटरसेप्शन (विरोधकांनी पकडलेल्या फेकी) दिली. काळजी करावी का?
२) जडकिन्सची सरासरी २०२२ मध्ये दर धावेला (चेंडू घेऊन पळाला त्या प्रत्येक वेळेला) ५.७ यार्ड होती, २०२३ मध्ये ४.३ झाली. घसरला कोण, तो की त्याच्या पुढची लाइन (वाट करून देणारी फळी)?
३) स्मिथ पहिल्याच वर्षी हॅरिसनची जागा भरेल का?

शाळेतून येताना कोणाला पाच तारे मिळाले, कोणाला चार, हे सगळ्यांना पाठ आहे. मैदानावर नेमकं काय बघायचं ते सांगा.

---

हॅशमार्क | १७ ऑगस्ट, स. १०:०५

पहिल्या प्रश्नापुरतं. हॉवर्डने २०२३ मध्ये ३५७ फेकी केल्या, २६४३ यार्ड, २४ टचडाऊन, १० इंटरसेप्शन. मकॉर्डच्या ३४८ फेकी, ३१७० यार्ड, तेवढेच २४ टचडाऊन, पण इंटरसेप्शन ६. म्हणजे शंभर फेकींमागे एकाच्या २.८ आणि दुसऱ्याच्या १.७. फरक आहे, नाही म्हणत नाही.

पण हॉवर्डचा दुसरा आकडा बघा: धावून ९ टचडाऊन. क्वार्टरबॅक धावणारा नसला की चेंडू बॅकच्या हातात दिल्यावर तो बघ्या होतो. त्याच्याकडे लक्ष द्यायची बचावाला गरजच उरत नाही आणि त्यांचा एक गडी मोकळा सुटतो. हॉवर्ड ६ फूट ४ इंच आहे, अंगानेही दणकट. त्याने चेंडू स्वतःकडे ठेवून बाहेरून पळायची भीती दाखवली की कडेचा डिफेन्सिव्ह एंड जागेवर खिळतो. अर्धा सेकंद जरी थबकला तरी आतून जाणाऱ्या बॅकला फट मिळते. गोल लाइनपासून ५ यार्डांवर ही हूल सोन्याच्या मोलाची.

इंटरसेप्शनचं म्हणाल तर त्याचे पाय बघा. पुढचा पाय लक्ष्याकडे रोखलेला नसेल आणि फेक नुसत्या खांद्याच्या जोरावर गेली तर चेंडू वर तरंगतो. मैदानाच्या मध्यावर असा तरंगणारा चेंडू सेफ्टी (बचावाचा सगळ्यात मागचा गडी) सोडत नाही.

---

तांबडा_पांढरा | १७ ऑगस्ट, स. १०:४०

हॅशमार्क यांच्याशी सहमत. एक भर. गेल्या वर्षी अ‍ॅन आर्बरला ३०–२४ हरलो तेव्हाची शेवटची फेक आठवा. मकॉर्डचं लक्ष्य चुकलेलं नव्हतं, फेकताना अंगावर माणूस आला होता. इंटरसेप्शन क्वार्टरबॅकच्या नावावर चढतं, पण पुष्कळदा त्याची सुरुवात टॅकलच्या (लाइनच्या कडेच्या गड्याच्या) पायाशी झालेली असते.

---

आडवाट | १७ ऑगस्ट, दु. १२:३०

जडकिन्सच्या सरासरीबद्दल. २०२२: २७४ धावा, १५६७ यार्ड, १६ टचडाऊन. २०२३: २७१ धावा, ११५८ यार्ड, १५ टचडाऊन. ओझं तेवढंच, टचडाऊन जवळपास तेवढेच, यार्ड मात्र चारशेने कमी. यातून काय कळतं? गोल लाइनजवळ रेटून नेण्याची ताकद शाबूत आहे. आटल्या आहेत त्या लांब धावा.

लांब धाव दोन गोष्टींवर उभी असते. लाइनने पहिली फळी फोडायची आणि बॅकने दुसऱ्या फळीतल्या एका माणसाला एकट्याने चुकवायचं. पहिलं झालंच नाही तर दुसऱ्याची वेळ येत नाही. म्हणून बॅकला जोखताना एकूण यार्ड बाजूला ठेवा आणि पहिला धक्का कुठे लागला ते बघा. स्क्रिमेज रेषेच्या (जिथून खेळी सुरू होते तिच्या) मागेच कोणी भिडलं आणि तरी तो ३ यार्ड घेऊन पडला, तर ती चांगली धाव. रेषेपुढे ६ यार्डांवर पहिला स्पर्श झाला आणि तो ७ यार्डांवर पडला, तर ती लाइनची धाव, बॅकची नव्हे. वहीत दोन रकाने करा, धक्क्याआधीचे यार्ड आणि धक्क्यानंतरचे. चार सामन्यांत माणूस कळतो.

माझं मत: जडकिन्स घसरलेला नाही. तो पहिल्या धक्क्याला क्वचित पडतो. खांदा खाली, गुडघे वर, पाय चालूच.

---

चौथा_डाऊन | १७ ऑगस्ट, दु. १:१५

आडवाट, वहीची युक्ती पटली, निष्कर्ष अर्धाच पटला. प्रश्न जडकिन्स चांगला आहे की नाही हा नाहीच. ट्रेव्हियन हेंडरसन परत आलाय, गेल्या वर्षी १५६ धावांत ९२६ यार्ड, म्हणजे ५.९ ची सरासरी. दोन घोडे, एक चेंडू. जडकिन्सला दोन वर्षं पावणेतीनशे धावांची सवय. काही बॅक दहाव्या-बाराव्या धावेनंतर तापतात, त्यांना आठ धावा देऊन बसवलं तर ते दिसतच नाहीत.

आणि तिसऱ्या डाऊनला, म्हणजे १० यार्ड काढायच्या चार संधींतल्या तिसऱ्या संधीला, कोण उभा राहणार? खरी परीक्षा तिथे आहे. नीट सांगतो, टीव्हीवर हे सहज निसटतं.

तिसरा डाऊन, ८ यार्ड काढायचे बाकी. क्वार्टरबॅक शॉटगनमध्ये, म्हणजे चेंडू मागे देणाऱ्या सेंटरपासून काही यार्ड मागे, बॅक त्याच्या डाव्या हाताला. स्नॅपच्या (सेंटरने चेंडू मागे देण्याच्या) आधी बॅकची नजर आतून बाहेर फिरते: आधी सेंटरच्या दोन्ही बाजूंच्या फटींवर उभे असलेले लाइनबॅकर (बचावाची दुसरी फळी), मग कडेचा, मग कॉर्नर (रिसीव्हरसमोरचा बचावपटू). नियम असा की क्वार्टरबॅकच्या सगळ्यात जवळून येणारा आधी उचलायचा, कारण त्याचा रस्ता सगळ्यात छोटा. स्नॅप झाला की बॅक एक पाऊल आत टाकतो, कंबर खाली, हात छातीपुढे, कोपरं बरगड्यांशी. येणाऱ्या लाइनबॅकरच्या छातीत दोन्ही तळहात बसले पाहिजेत. हात बाहेर पसरले तर होल्डिंगचा (धरून ठेवल्याचा) दंड, १० यार्ड मागे. पाय न चालवता नुसती झेप घेतली तर लाइनबॅकर वळसा घालतो आणि क्वार्टरबॅक गवतावर.

हे सगळं एका सेकंदात. त्यात सेफ्टीने शेवटच्या क्षणी जागा बदलली तर गणित पुन्हा पहिल्यापासून. हेंडरसन हे काम मनापासून करतो. जडकिन्स किती करतो ते बघायचंय. जो करेल तो तिसऱ्या डाऊनला दिसेल, मग धावण्यात कोण सरस असेना.

---

नवखा_प्रेक्षक | १७ ऑगस्ट, दु. ३:४८

मंडळी, दोन शंका. ‘स्किल प्लेयर’ म्हणजे नेमके कोण? आणि चार सामने खेळूनही वर्ष फुकट जात नाही म्हणतात ते काय?

---

शनिवारवाडा | १७ ऑगस्ट, दु. ४:०२

@नवखा_प्रेक्षक, चेंडू हाताळणारे ते स्किल प्लेयर: क्वार्टरबॅक, रनिंग बॅक, वाइड रिसीव्हर, टाइट एंड. नाव अन्यायाचंच आहे, कारण लाइनमनच्या पायांत कौशल्य कमी नसतं.

चार सामन्यांचं असं: खेळाडूला पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतात. एखाद्या हंगामात तो चार किंवा त्याहून कमी सामन्यांत उतरला तर तो हंगाम मोजत नाहीत. त्यालाच रेडशर्ट म्हणतात. म्हणून जेम्स पीपल्ससारखा नवा बॅक सप्टेंबरमध्ये थोडा दिसेल आणि पाचवा सामना द्यायचा की नाही यावर प्रशिक्षक विचार करतील. स्मिथच्या बाबतीत तो प्रश्नच नाही.

---

झुळूक | १७ ऑगस्ट, संध्या. ६:२०

थोडं विषयांतर. या जागांना मराठी नावं का नाहीत? कबड्डीत चढाई, पकड, कोपरारक्षक असे नेमके शब्द आहेत. रनिंग बॅकला ‘मुसंडीवीर’ आणि रिसीव्हरला ‘झेलकरी’ म्हणूया. ब्लिट्झला (क्वार्टरबॅकवर जादा माणसं धाडण्याला) तर ‘छापा’ चपखल बसतो.

---

वऱ्हाडी_बकआय | १७ ऑगस्ट, संध्या. ६:३१

मुसंडीवीर लय भारी! टाइट एंडाचं काय करता मग? तो झेलतेही अन् भिडतेही.

---

झुळूक | १७ ऑगस्ट, संध्या. ६:४४

अष्टपैलू. शब्द तयारच आहे.

---

तिरपी_रेघ | १७ ऑगस्ट, रात्री ८:५५

तिसऱ्या प्रश्नावर येते. स्मिथ जानेवारीतच दाखल झाला, म्हणजे वसंतातली १५ सरावसत्रं त्याच्या पदरात आहेत. ओहायो स्टेटमध्ये नव्या खेळाडूच्या हेल्मेटवर काळी पट्टी असते, त्याने संघात जागा कमावली की ती काढतात. त्याची वसंतातच निघाली, यंदाच्या नवोदितांत सगळ्यात आधी.

तो खेळणार कुठे ते समजून घ्या. कॉलेजमध्ये दोन हॅश मार्कांमधलं (मैदानाच्या मध्यभागातल्या खुणांच्या दोन रांगांमधलं) अंतर ४० फूट असतं, व्यावसायिक लीगमध्ये साडेअठरा. त्यामुळे चेंडू एका हॅशवर आला की मैदानाची एक बाजू अरुंद आणि दुसरी ऐसपैस होते. अरुंद बाजूला एकटा उभा असतो तो एक्स रिसीव्हर. साइडलाइन जवळ म्हणून पळायला जागा कमी, समोर कॉर्नर नाकाला नाक लावून. हॅरिसन हेच करायचा. मदतीला दुसरा रिसीव्हर नाही, मोशन (स्नॅपआधीची हालचाल) नाही, स्वतःच सुटायचं.

असं सुटताना आधी पाय बघा, हात नंतर. कॉर्नर एका यार्डावर उभा आहे. रिसीव्हर स्नॅपला थेट पळाला तर छातीवर धक्का बसतो आणि रूट (पळायची ठरलेली वाट) तिथेच बिघडतो. म्हणून तो जागच्या जागी दोन-तीन झपझप पावलं टाकतो, खांदा आत झुकवतो. कॉर्नरची कंबर आत वळली रे वळली की हा बाहेरच्या पायावर जोर देऊन सुटतो आणि जाताना कॉर्नरचा हात मनगटापाशी झटकतो. कबड्डीत चढाईपटू कोपऱ्याला हूल देऊन मध्यावर जातो, तसंच. कंबर वळली तर हूल लागली, नुसती मान वळली तर लागली नाही.

स्मिथचं वेगळेपण असं की ६ फूट ३ इंच उंचीचा मुलगा इतकी आखूड पावलं टाकतो. उंच रिसीव्हर बहुधा लांब टांगा टाकतात, त्यांना थांबून वळायला जास्तीचं एक पाऊल लागतं. याला लागत नाही.

---

रविवारचा_पेपर | १८ ऑगस्ट, स. ७:३०

तिरपी_रेघ, वर्णन सुरेख. पण इतिहास विसरू नका. हॅरिसनने स्वतःच्या पहिल्या वर्षी, २०२१ मध्ये, ११ झेल घेतले. तीन टचडाऊन, तीही सगळी युटाविरुद्धच्या रोझ बोल या नववर्षाच्या सामन्यात, आणि तीही वरचे दोन रिसीव्हर उतरले नाहीत म्हणून. ओहायो स्टेटमध्ये पहिल्या वर्षीच्या रिसीव्हरचा विक्रम अजून क्रिस कार्टरच्या नावावर आहे, १९८४ चा, ६४८ यार्ड. चाळीस वर्षांत तो कोणालाच मोडता आला नाही, रिसीव्हरांचे प्रशिक्षक ब्रायन हार्टलाइन यांच्या शिष्यांनाही नाही.

माझा अंदाज: ४० झेल, ६०० यार्ड. एमेका एगबुका परत आलाय, कार्नेल टेट आहे. चेंडू वाटले जातील.

---

तिरपी_रेघ | १८ ऑगस्ट, स. ८:१०

२०२१ मध्ये हॅरिसनच्या पुढे गॅरेट विल्सन, ख्रिस ओलावे आणि जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बा होते. तिघेही पुढे पहिल्या फेरीत निवडले गेले. जेरेमायापुढे एक्सच्या जागी कोण आहे? कोणीच नाही. रांग बघून तुलना करा. मी १००० यार्ड म्हणते.

---

रविवारचा_पेपर | १८ ऑगस्ट, स. ८:१४

नोंद केली. जानेवारीत बघू.

---

खांदेकरी | १८ ऑगस्ट, स. ११:२५

सगळे झेलकऱ्यांत आणि मुसंडीवीरांत रमलेत, म्हणून लाइनची बाजू मांडतो. यंदाचा सगळ्यात महत्त्वाचा नवा खेळाडू बहुतेक सेथ मॅकलॉफ्लिन आहे, अलाबामाहून आलेला सेंटर. चेंडूला प्रत्येक वेळी पहिला हात त्याचा लागतो. रोझ बोलमध्ये मिशिगनविरुद्ध त्याचे स्नॅप खाली गेले होते, अगदी शेवटच्या चौथ्या डाऊनचासुद्धा.

स्नॅप एवढा का महत्त्वाचा? शॉटगनमध्ये चेंडू साधारण पाच यार्ड मागे जातो. तो छातीशी आला तर क्वार्टरबॅकची नजर बचावावरच राहते. गुडघ्याशी आला की मान खाली जाते, आणि मान वर येईपर्यंत सेफ्टी सरकलेला असतो. चेंडू ठेवायचा की द्यायचा या खेळीत तर नजर कडेच्या माणसावरून ढळली की निर्णयच गेला. तेव्हा पहिल्या सामन्यात हॉवर्डची फेक बघण्याआधी त्याच्या हातात चेंडू कुठे येतो ते बघा. दहापैकी नऊ वेळा पोटाच्या वर आला तर निर्धास्त व्हा.

जडकिन्सच्या ४.३ बद्दल आडवाट म्हणतात ते मला मान्य. लाइन बदलली की उत्तर मिळेलच.

---

आजोळ | १८ ऑगस्ट, दु. २:०५

टाइट एंडवर कोणी लिहीना. स्टोव्हरची जागा एका माणसाने भरणार नाही. ओहायो युनिव्हर्सिटीहून आलेला विल कॅकमारेक मुख्यतः ब्लॉकिंगचा, जी स्कॉट ज्युनियर मूळचा रिसीव्हर. म्हणजे मैदानावर कोण आला त्यावरून प्ले धावेचा की फेकीचा हे विरोधी संघ ताडणार. स्टोव्हर दोन्ही करायचा, त्यामुळे ताडता येत नसे. केलींनी यावर उपाय काढला पाहिजे. त्यांच्या आक्रमणात टाइट एंड ही शोभेची वस्तू नसते.

---

हॅशमार्क | १८ ऑगस्ट, दु. ४:४०

केलींचा विषय निघालाच आहे तर सांगतो. लोकांच्या डोक्यात अजून २००९ ते २०१२ चं ऑरेगन आहे, पंधरा-वीस सेकंदांत पुढचा प्ले. यूसीएलएत त्यांनी तेवढी घाई केली नाही. आणि २०२३ पासून पहिला डाऊन मिळाल्यावर घड्याळ थांबत नाही, फक्त दोन्ही अर्धांची शेवटची दोन मिनिटं सोडून. प्ले आपोआप कमी होतात. म्हणून यंदाचे आकडे २०२१–२२ शी ताडताना दर प्लेचे यार्ड बघा, दर सामन्याचे नकोत.

दुसरं, यंदापासून हेल्मेटमधे रेडिओ. आक्रमणातल्या एका खेळाडूच्या कानात प्रशिक्षक बोलू शकतो, प्ले-क्लॉकवर (पुढची खेळी सुरू करायच्या घड्याळावर) १५ सेकंद उरले की आवाज बंद. ज्याच्या हेल्मेटमागे हिरवा ठिपका तो रेडिओवाला. नव्या संघात आलेल्या क्वार्टरबॅकला याचा फार आधार. पण १५ पेक्षा कमी सेकंद उरल्यावर संघ रेषेवर आला तर त्या आधाराचा उपयोग शून्य. किती सेकंद उरले असताना फळी लागते ते घड्याळात बघत चला. १८ ते २० ला लागली तर काम चोख चाललंय असं समजा.

---

तांबडा_पांढरा | १८ ऑगस्ट, संध्या. ५:१५

डे आणि केली हे जुनं नातं आहे. न्यू हॅम्पशायरला डे क्वार्टरबॅक होते आणि केली आक्रमणाचे समन्वयक. शिष्याने गुरूला हाताखाली घेतलंय. दोघांत ताळमेळ बसायला वेळ लागणार नाही.

---

नवखा_प्रेक्षक | १८ ऑगस्ट, संध्या. ७:५०

टीव्हीवर रिसीव्हर दिसतच नाहीत हो. स्नॅप झाला की कॅमेरा क्वार्टरबॅकवर. मग पाय कसे बघायचे?

---

तिरपी_रेघ | १८ ऑगस्ट, रात्री ९:३०

स्नॅपच्या आधीच अर्धं काम होतं. स्मिथ कुठल्या कडेला आहे, समोरचा कॉर्नर किती यार्डांवर आहे, सेफ्टी मध्यावर आहे की स्मिथकडे सरकलाय, एवढं बघा. कॉर्नर ७–८ यार्ड मागे असेल तर त्याला वेगाची धास्ती आहे. सेफ्टी सरकला असेल तर समजा की त्या मुलाने दोन माणसं गुंतवली. त्या प्लेवर चेंडू त्याच्याकडे गेला नाही तरी त्याने कमाई केलीच, कारण दुसऱ्या बाजूला एगबुका एकास एक आहे.

रिप्ले दाखवतात तेव्हा मागचा कॅमेरा असतो, पाय तिथे दिसतील. आणि चेंडू नसताना तो ब्लॉक करतो का तेही बघा. हेंडरसनची १२ यार्डांची धाव ६० ची व्हायची असेल तर कॉर्नरला अडवणारा रिसीव्हरच लागतो.

---

चौथा_डाऊन | १९ ऑगस्ट, स. ६:५५

आणि घाईने निकाल देऊ नका. अ‍ॅक्रन, वेस्टर्न मिशिगन, मार्शल, तिन्ही घरच्या मैदानावर. तिथे सगळेच वाघ. २८ सप्टेंबरला मिशिगन स्टेट, ५ ऑक्टोबरला आयोवा. आयोवाचा बचाव साधा पण शिस्तीचा. दोन सेफ्टी मागे ठेवतात आणि लांब काही देत नाहीत, तिथे हॉवर्डचा संयम कळेल. १२ ऑक्टोबरला ऑरेगन, त्यांच्याच घरी. तोवर वही उघडी ठेवायची.

---

वऱ्हाडी_बकआय | १ सप्टेंबर, स. ८:००

५२–६! पोट्ट्यानं पहिल्याच सामन्यात ६ झेल, ९२ यार्ड, २ टचडाऊन!

---

चौथा_डाऊन | १ सप्टेंबर, स. ८:२०

अ‍ॅक्रन. वही उघडीच.

---

खांदेकरी | १३ ऑक्टोबर, स. ७:४०

३२–३१ ने हरलो. ऑरेगनकडे अकराऐवजी बारा गडी मैदानावर होते, दंड पाच यार्डांचा, पण चार सेकंद गेले ते गेलेच. नियमातली ही फट बुजवायलाच हवी. शेवटी हॉवर्ड घसरून खाली बसला आणि घड्याळ शून्यावर. किक मारायलाही वेळ उरला नाही. स्मिथला ९ झेल आणि १०० यार्ड मिळाले, पण शेवटच्या मिनिटात त्याच्यावर ढकलल्याचा दंडही झाला. हात झटकणं आणि ढकलणं यातली रेषा बारीक आहे, कोपर पूर्ण सरळ झालं की पंच रुमाल टाकतो.

पण मला खरा घोर आहे तो लेफ्ट टॅकल जॉश सिमन्सचा. तो जखमी होऊन गेलाय.

---

आडवाट | १ डिसेंबर, दु. १:१०

१३–१०, घरच्या मैदानावर, मिशिगनकडून. २६ धावा, ७७ यार्ड. वहीत धक्क्याआधीचा रकाना जवळपास कोरा आहे. सिमन्स नाही आणि आता मॅकलॉफ्लिनही नाही, नोव्हेंबरमध्ये त्याच्या टाचेचा स्नायुबंध तुटला. लाइन फाटकी असताना मध्यातूनच पुन्हा पुन्हा घुसवण्याचा हट्ट मला कळला नाही. बाहेर स्मिथ आणि एगबुका उभे होते. इथे दोष बॅकचा नाही, प्ले निवडणाऱ्याचा आहे.

---

आजोळ | १ डिसेंबर, दु. १:३५

शंभर टक्के सहमत. आत मिशिगनच्या बचावाचे दोन दांडगे टॅकल उभे असताना तिथेच डोकं आपटत राहिलो.

---

रविवारचा_पेपर | २१ जानेवारी २०२५, स. ६:१५

अटलांटात नोटर डेमवर ३४–२३, राष्ट्रीय विजेतेपद! शब्द दिल्याप्रमाणे आधी माझी चूक कबूल करतो. स्मिथचे ७६ झेल, १३१५ यार्ड, १५ टचडाऊन. कार्टरचा विक्रम नुसता मोडला नाही, दुप्पट केला. तिरपी_रेघ, तुम्ही जिंकलात.

---

तिरपी_रेघ | २१ जानेवारी, स. ७:०५

धन्यवाद! पण माझ्या मते त्याचा सगळ्यात बोलका सामना टेक्ससविरुद्धचा. १ झेल, ३ यार्ड. त्याच्याकडे माणसं लावली आणि जागा इतरांना मोकळी मिळाली. नऊ दिवस आधी त्याने ऑरेगनला रोझ बोलमध्ये १८७ यार्डांनी पोळलं होतं, त्याची ही दहशत.

---

चौथा_डाऊन | २१ जानेवारी, स. ७:५०

दोन घोडे एका चेंडूवर भागणार नाहीत, हे माझं म्हणणं साफ चुकलं. जडकिन्स १९४ धावांत १०६०, हेंडरसन १४४ धावांत १०१६. दोघेही हजारी. पावणेतीनशे धावांचं ओझं एकावर पडलं नाही म्हणून दोघेही जानेवारीत ताजे होते. टेक्ससविरुद्ध मध्यंतराच्या तोंडावर हेंडरसनने स्क्रीन पासवर (रेषेजवळच्या छोट्या फेकीवर) ७५ यार्ड मारले, काल जडकिन्स ७० यार्ड सुटला. आणि तिसऱ्या डाऊनचा छापा उचलायला वर्षभर हेंडरसनच होता.

---

आडवाट | २१ जानेवारी, स. ८:३०

शनिवारवाडा यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मग आकड्यातच मिळालं. जडकिन्सची सरासरी यंदा ५.५, तीही अर्धा हंगाम मोडक्या लाइनमागे. डोनोव्हन जॅक्सनला गार्डवरून लेफ्ट टॅकलला आणलं आणि लाइन सावरली, हे विसरू नका.

---

खांदेकरी | २१ जानेवारी, स. ८:४२

आणि मॅकलॉफ्लिनला रिमिंग्टन करंडक मिळाला, देशातला सर्वोत्तम सेंटर म्हणून. शेवटचे सामने न खेळता.

---

शनिवारवाडा | २१ जानेवारी, स. ९:२०

पहिला प्रश्न राहिला. हॉवर्डच्या ४२३ फेकी, ३०९ पूर्ण, ४०१० यार्ड, ३५ टचडाऊन, इंटरसेप्शन तेवढीच १०. शंभरामागे २.८ वरून २.४. आणि काल पहिल्या १३ पैकी १३ फेकी हातात.

हॅशमार्क, पाय बघायला सांगितलं होतंत, म्हणून तो तिसरा डाऊन पुन्हा लावून बघितला. आपल्या ३४ यार्डांच्या रेषेवर, ११ यार्ड काढायचे बाकी, आघाडी ३१–२३ ची, घड्याळात तीन मिनिटंही नाहीत. चेंडू छातीशी आला, डावा पाय सरळ उजव्या साइडलाइनकडे रोखला आणि स्मिथ कॉर्नरच्या पुढे जायच्या आधीच चेंडू हवेत होता. ५६ यार्ड.

---

हॅशमार्क | २१ जानेवारी, स. ९:३१

मीही तोच लावून बसलोय. कॉर्नरची कंबर आत वळलेली बघा, तिरपी_रेघ यांनी ऑगस्टमध्ये लिहिलं होतं अगदी तशी.